वेगवान प्लॅन घेण्याआधी घरातली तार बघा

मा. संपादक,

‘नेट चालत नाही’ ही तक्रार वाचकांच्या पत्रांत वरचेवर येते. दोष नेहमी कंपनीच्या माथी असतो आणि तो अगदीच खोटा नसतो. रस्ता खणला की फायबर तुटते आणि जोडायला माणूस येईपर्यंत ग्राहक फोन करून थकतो. पण ज्या घरात दोन लॅपटॉप, एक डेस्कटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे आणि माणशी एक फोन आहे, तिथे पुष्कळदा बिघाड उंबरठ्याच्या आत असतो. लोक मात्र १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतात, आणि मागच्या खोलीत पूर्वी मिळायचे तेवढेच मिळाले की पुन्हा चिडतात. पाऊस तोंडावर आला आहे. कौले परतायला माणसे येतील, पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी चालू असेल. त्याच सुमारास घरातले नेटवर्कही मार्गी लागावे, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी दोष कुणाचा ते ठरवावे. कंपनीने भिंतीवर लावलेल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला (फायबर जिथे संपते तो, बहुधा वाय-फायही देणारा राऊटर), लॅपटॉप तारेने जोडा, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. मग तार काढून त्याच डब्यापासून दोन मीटरवर वाय-फायने मोजा. तिसऱ्यांदा, जिथे त्रास होतो त्या खोलीत. तारेवरच वेग कमी आला तर कंपनीशी भांडा, हक्काने भांडा. तारेवर पूर्ण, दोन मीटरवर पूर्ण आणि खोलीत काहीच नाही, असे असेल तर कंपनीला शंभर फोन केले तरी काही बदलणार नाही. तारेवर पूर्ण आणि दोन मीटरवरच निम्मा आला तर डबा जुना आहे किंवा चॅनेलवर (वाय-फाय ज्या ठरावीक पट्ट्यावर बोलते त्यावर) गर्दी आहे. एक फसवा आकडा लक्षात ठेवावा: प्लॅन २०० चा आणि तारेवर नेमके ९४-९५ येत असतील तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचेच पोर्ट (केबल घालायची खाच) आहे, किंवा केबलमधल्या आठांपैकी एखादी तार तुटली आहे. १०० साठी चार तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप संथ होते.

वेगाच्या आकड्यापेक्षा पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहणे, जास्त खरे बोलते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, त्यापुढे राऊटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि शेवटी डॅश-टी असे लिहून दोन मिनिटे चालू द्या. उत्तरे १ ते ५ मिलिसेकंदांत एकसारखी येत असतील तर घरातले वाय-फाय ठीक आहे. मधेच २०० वर उडत असतील किंवा ‘टाइम्ड आऊट’ येत असेल, तर दोष घरातच आहे, कारण ही ये-जा घराबाहेर पडतच नाही.

आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत याचे कारण बहुधा चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असते. मधे राजांगण (उघडा चौक), त्याच्या चारी बाजूंनी खोल्या, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती. बाहेरून आलेली फायबर वसरीत (ओसरीवर) मीटरच्या पेटीजवळ आत घेतात आणि तिथेच पहिला खिळा मारून ओएनटी टांगतात. तिथून स्वयंपाकघरापर्यंत लहरींना तीन-चार भिंती पार कराव्या लागतात. लहरींची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो. फोनवरचे कोणतेही वाय-फाय अॅनालायझर अॅप तो दाखवते. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. उणे ७५ च्या खाली फोनवर एखादी दांडी दिसत राहते, पण पान उघडत नाही. दर ३ डीबी (डेसिबल) घटीला ताकद निम्मी होते, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. साधी विटेची भिंतच ६ ते १० डीबी खाते. जाड चिऱ्याची त्याहून जास्त, आणि पावसात चिरा पाणी धरतो तेव्हा आणखी. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालते; ५ ची लहर २.४ च्या आधी दम तोडते. मे महिन्यात काठावर चालणारी खोली जुलैत बंद पडते त्यामागे बरेचदा एवढेच असते.

फ्लॅटमध्ये प्रश्न उलटा. पर्वरी, मडगाव, फोंड्याच्या इमारतींत भिंती पातळ, पण वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे वीस-पंचवीस राऊटर एकाच वेळी बोलत असतात. त्याविषयी पुढे.

ओएनटी कुठे बसवायचा हे तंत्रज्ञ शिडी लावण्याआधी सांगावे, नंतर तो ऐकत नाही. फायबर दहा-पंधरा मीटर जास्त लागली तरी प्रकाशाची घट नगण्य असते. म्हणून ती वसरीत न थांबवता मधल्या खोलीत न्यायला सांगा. जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, उघड्यावर. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा मोठ्या आरशाजवळ नको. फायबर कोपऱ्यात काटकोनात मोडू देऊ नये, वळण साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. खिळ्याने दाबलेली फायबर आज चालते आणि चार महिन्यांनी ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकायला लागतो. तंत्रज्ञाकडे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर असतो. त्यावरचा आकडा विचारून ओएनटीच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवा. जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या) पद्धतीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान प्रकाश लागतो. बसवतानाच उणे २५-२६ असेल तर तो जोड पुन्हा करून घ्या. पावसात एखाद्या जोडात ओल शिरली की तो काठावरून पडतो. पुढे तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ यापेक्षा ‘तेव्हा उणे १९ होते, आता उणे २७ आहे’ हे वाक्य जास्त लवकर माणूस आणते.

आता मुख्य उपाय. मोठ्या घराला दुसरे वाय-फाय केंद्र लागते आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तार लागते. दुकानदार किंवा केबलवाला ‘बूस्टर’ सुचवतो. तो रिपीटर असतो: ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. शिवाय लोक तो नेट पोचत नाही त्या खोलीत लावतात. जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही, तिथून तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर वाटेत, जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळते तिथे. हल्ली मेशचे, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणारे, तीन-तीन डबे विकतात. वस्तू चांगली आहे, पण डब्यांमधला दुवा हवेतून ठेवला तर चिऱ्याच्या घरात तिची गतही बरीचशी रिपीटरसारखीच होते. त्याच मेशला मागून तार जोडली की ती पैशांचे काम करते.

मेश न घेता साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) राऊटर घेतला तरी भागते. गिगाबिट पोर्टवाला साधारण दोन-तीन हजारांत येतो. खोक्यावर फक्त ‘३०० एमबीपीएस’ लिहिलेला आणि ५ गिगाहर्ट्झ नसलेला घेऊ नका. तो जोडण्याची पद्धत सांगतो, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो. नवा राऊटर आधी मूळ नेटवर्कला न जोडता एका संगणकाला तारेने जोडा आणि त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. तिथे ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वाय-फाय पसरवण्याचा पर्याय) असेल तर तो निवडा आणि रीस्टार्ट करा. बाकीचे तो आपणच करतो. नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. पहिली, त्याचा लॅनचा (घरातल्या जाळ्यातला) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, ओएनटीचा १९२.१६८.१.१ असेल असे धरले आहे, वेगळा असेल तर त्याच मालिकेतला पुढचा आकडा. दुसरी, त्याचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे साधनांना आपोआप पत्ते वाटणारा भाग, बंद करा. तिसरी, ओएनटीकडून आलेली तार त्याच्या वेगळ्या रंगाच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टात न घालता लॅनच्या चारपैकी कोणत्याही पोर्टात घाला.

यातले काय चुकले तर काय होते, ते ओळखायला शिकावे. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच राहिला तर सगळ्यांचेच नेट मधूनमधून गायब होते. डीएचसीपी चालूच राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्याला पहिल्याकडून पत्ता मिळतो त्याचे चालते, दुसऱ्याकडून मिळतो त्याचे अडते, आणि रीस्टार्ट केल्यावर कुणाचे चालेल ते सांगता येत नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते, तुझ्यावर नाही’ ही भांडणे बहुधा यातली असतात. वॅन पोर्टात तार घातली तर नेट चालते, म्हणून चूक कळतच नाही. पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात: पुढच्या खोलीतले संगणक १९२.१६८.१ च्या मालिकेत, मागचे १९२.१६८.० च्या. मग मागच्या खोलीतून पुढचा प्रिंटर दिसत नाही, फाइल पाठवता येत नाही, टीव्हीवर फोनचा पडदा टाकता येत नाही. प्रिंटरवाल्याला बोलावून ड्रायव्हर तीनदा टाकून घेतले तरी तो दिसणार नाही.

दोन्हीकडे वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकसारखा ठेवा, म्हणजे चालता चालता फोन आपोआप जवळचे केंद्र पकडेल. चॅनेल मात्र वेगवेगळे. दोन्ही केंद्रांची ताकद ‘हाय’ ठेवण्याचा मोह टाळावा. फोन दूरच्या केंद्राला चिकटून राहतो, सोडत नाही, २.४ ची ताकद ‘मीडियम’ केली की लवकर सोडतो.

तारेत पैसे वाचवू नयेत. कॅट-६ (नेटवर्क केबलचा प्रकार), शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते, निम्म्या भावात. आतली एक तार सोलून पात्याने खरवडा, आत पांढरे दिसले तर परत करा. ती ठिसूळ असते, कनेक्टर दाबतानाच तुटते, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तिचा जोड लवकर कुजतो. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी येत नाही. विजेच्या तारेच्या पाइपातूनच ही ओढण्याची सूचना वायरमन करील. मान्य करू नका, शॉक आणि आगीचा धोका आहे, शिवाय गोंगाटही (विजेमुळे संदेशात येणारा अडथळा). समांतर न्यायची तर वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडायची तर काटकोनात.

चिऱ्यात भोक पाडायला साधे बिट पुरत नाही. ४५० मिलिमीटरचे लांब बिट आणि हॅमर ड्रिल लागते. जुन्या मातीच्या जोडाच्या भिंतीत हॅमर जपून, नाहीतर पलीकडे गिलाव्याचा पोपडा निघतो. १०-१२ मिलिमीटरचे भोक केबलला पुरते, कनेक्टर नंतर बसवायचा. बाहेरून आत येणारे भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा आणि केबलला भोकाआधी खाली झोळ द्या, म्हणजे पागोळीचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. झोळ नसेल तर पाणी केबलवरून सरळ आत येते आणि राऊटरच्या पोर्टात उतरते. बाहेर काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी केबल लागते. राखाडी केबल ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत तडकते.

कनेक्टरची खीळ (अडकायची जीभ) खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडे धरली तर डावीकडून रंग असे: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. निळी जोडी हिरव्याच्या मधे का, असे वाटून काही जण जोड्या सरळ ओळीने लावतात. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, काम पास होते, आणि पंधरा-वीस मीटरवर वेग कोसळतो. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची असायला हवी. ती वेगळ्या पिळांतली झाली की एकीतला संदेश दुसरीत झिरपतो. टेस्टरला हे कळत नाही. पीळ कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत ठेवावा आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे.

जे जागचे हलत नाही ते तारेवर, हा नियम ठेवला तर वाय-फायवरचा भार आपोआप निम्मा होतो. डेस्कटॉप, टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंटर यांना तार द्या. चार पोर्ट कमी पडले तर पाच किंवा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका तारेला अनेक फाटे देणारा डबा) लावा; त्याला कसलेही सेटिंग लागत नाही. डेस्कटॉपला तार नेणे अशक्यच असेल तर आत बसणारे वाय-फाय कार्ड घ्या. यूएसबीत खुपसायचा नखाएवढा वाय-फाय डोंगल लोखंडी पेटीच्या पाठीमागे, जमिनीलगत, भिंतीकडे तोंड करून बसतो. तिथे त्याला काय मिळणार? तो आहेच तर मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणा. निळ्या यूएसबी ३ पोर्टाला लागून ठेवलेल्या २.४ च्या डोंगलला त्या पोर्टाचाच गोंगाट त्रास देतो.

सेटिंग्जमध्ये २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीनच चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. ३ किंवा ८ निवडून ‘मोकळे’ चॅनेल मिळाले असे वाटते, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. फ्लॅटमध्ये ४० मेगाहर्ट्झ रुंदी म्हणजे स्वतःच गर्दीत घुसणे. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१, रुंदी ८०. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात: राऊटरला रडारसारखे काही ऐकू आले की त्याला चॅनेल सोडावाच लागतो आणि सगळ्यांचे कॉल तुटतात. विमानतळ किंवा बंदराजवळ राहणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये. आखातातून किंवा लंडनहून नातेवाइकाने आणलेल्या राऊटरमध्ये देश ‘इंडिया’ करून घ्या. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे कायदेशीर अडचण नाही. पण देश चुकीचा असला की काही चॅनेल घरच्या फोनला दिसतच नाहीत.

सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ एईएस, किंवा डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचे मिश्रण ठेवा. नुसते ३ ठेवले तर जुना प्रिंटर जोडला जात नाही. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत असलेला पर्याय चुकून निवडला गेला तर सुरक्षा तर कमी होतेच, शिवाय वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. पासवर्ड न टाकता जोडून देणारे डब्ल्यूपीएसचे बटण बंद करा. त्याचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो ‘अॅडमिन’च राहिलेला असतो, तो बदला. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी तर ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे काढून पाहुण्यांना तेवढेच द्यावे. २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता आणि चौकशी आधी त्या घराच्या दारात आली होती.

संगणक एकमेकांना दिसत नाहीत, ही पुढची तक्रार. विंडोजने घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ धरले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. एक लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवर असेल तरी दिसणार नाही. राऊटरमधले ‘एपी आयसोलेशन’ (साधनांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सेटिंग) चालू असले तरीही तेच. होमग्रुप, म्हणजे घरातले संगणक जोडायची विंडोजची जुनी सोय, शोधू नका, विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच काढला. आता थेट फोल्डर शेअर करायचा. जुने स्कॅनर-झेरॉक्स यंत्र नव्या संगणकाच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकत नसेल तर ते फाइल पाठवायची जी जुनी पद्धत वापरते, ती नव्या विंडोजने सुरक्षेसाठी बंद ठेवलेली असते. ती पुन्हा चालू करण्यापेक्षा स्कॅन पेन ड्राइव्हवर घेतलेले बरे. आज छापणारा प्रिंटर उद्या ‘ऑफलाइन’ दाखवतो, कारण त्याचा पत्ता बदललेला असतो. राऊटरच्या डीएचसीपी पानावर त्या प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला की हे थांबते. बरेचसे कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब फक्त २.४ वर चालतात. जोडताना तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करावे.

चतुर्थीला घर भरते, पंचवीस-तीस फोन एकदम जोडले जातात आणि कंपनीचा डबा गुडघे टेकतो. अनेक स्वस्त डब्यांत एका रेडिओवर ३२ साधनांची मर्यादा असते. दुसरे केंद्र असेल तर हा भार वाटला जातो. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या सजावटीच्या) ओल्या फळा-पानांमागे राऊटर झाकला जाणार नाही, एवढेही पाहावे.

मुलगा बोटीवर किंवा परदेशात आहे आणि त्याला घरचे कॅमेरे बघायचे आहेत, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट करून देऊनही) काही दिसत नाही तेव्हा वॅनचा पत्ता पाहा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. बाहेरून आत येण्याची वाटच नाही. वेगळे पैसे भरून स्टॅटिक (फक्त आपला, न बदलणारा) पत्ता घ्या किंवा कॅमेरा कंपनीच्या अॅपमधून पाहा.

मुख्य घरापासून दूर असलेले आऊटहाऊस किंवा कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) खोली जोडायची असेल तर तिथे तांब्याची केबल टाकू नका. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात जवळपास वीज पडली की त्या तारेतून दोन्ही टोकांची यंत्रे जातात, अगदी थेट तारेवर पडली नाही तरी. फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याच्या तारेतला संदेश प्रकाशात आणि उलट बदलणाऱ्या डब्यांची) जोडी लावा. काच वीज वाहून नेत नाही. काही फायबर केबलला आधाराची पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच तोडायची, आत यंत्रापर्यंत आणायची नाही. हवेतून दुवा जोडायचा असेल तर बाहेर लावायच्या ५ गिगाहर्ट्झच्या दोन अँटेना एकमेकींना स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मधे माडाची एक झावळी आली तरी चालेल असे विक्रेता सांगेल. कोरड्या दिवसात चालेलही. पावसाने भिजलेली झावळी वाऱ्यावर हलू लागली की दुवा पाठोपाठ तुटतो.

वीज गेल्यावर नेट चालू राहावे म्हणून मोठा इन्व्हर्टर लागत नाही. ओएनटी आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, १ ते २ अँपिअर. त्यांच्यासाठीचे छोटे डीसी यूपीएस हजार-दोन हजारांत मिळते आणि दोन-तीन तास टिकते. घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, काही संच ९ व्होल्टचे असतात. घरात इन्व्हर्टर असला तरी बदलण्याच्या क्षणी काही राऊटर रीस्टार्ट होतात आणि दोन मिनिटे जातात. हे यूपीएस ते टाळते. दुसऱ्या केंद्रालाही एक लागेल, हे विसरले जाते. विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या पट्ट्या अर्थिंगशिवाय फारसे काही करत नाहीत आणि जुन्या घरांतले अर्थिंग कोरडे पडलेले असते, ते वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू होताच अॅडॉप्टर काढा, आणि बाहेरून आलेली तांब्याची केबल असेल तर तीही काढा. अॅडॉप्टर काढून केबल तशीच ठेवली तर अर्धेच काम झाले.

शेवटी दोन मागण्या. इंटरनेट कंपन्यांनी आणि केबलचालकांनी जोडणीच्या पावतीवर प्रकाशाचा डीबीएम आकडा आणि तारेवर मोजलेला वेग लिहून द्यावा. तंत्रज्ञाला त्यात एक मिनिटही जास्त लागत नाही आणि पुढचे निम्मे वाद मिटतात. दुसरी मागणी घरे बांधणाऱ्यांकडे, वास्तुरचनाकारांकडे आणि नव्या घराचे नकाशे घेऊन बसलेल्या वाचकांकडे. प्रवेशापासून दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक मजल्यावरच्या एका जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा एक मोकळा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा गिलाव्याआधी टाकून ठेवावा, आणि त्या प्रत्येक टोकाला एक प्लग पॉइंट. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा, नाहीतर केबल ओढताना अडकते. आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही तोंडे टोपणाने बंद करावीत. उघडी ठेवली तर केबल यायच्या आधी कुंभारमाशी मातीने तो पाइप भरून टाकते.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, फोंडा